हाँगकाँगचा विदूषक निघोज्याला जातो

पुण्याला जाता-येता चिंचवड स्टेशन आमच्यापैकी पुष्कळांनी गाडीच्या खिडकीतून पाहिलेलं असतं. तिथे उतरलेला माणूस मात्र मला मुंबईत अजून भेटलेला नाही. मीही उतरलो नसतो. वेंगुर्ल्याकडचा माणूस मी. घाट चढून वर जाण्याचं कारण पडलंच तर पुण्याच्या पुढे विचार जात नाही. पण गेल्या पौषात मला चिंचवडला उतरावं लागलं, तिथून बैलगाडीने इंद्रायणीपर्यंत आणि नदी ओलांडून निघोज्याला जावं लागलं, आणि दोन दिवसांत परतायचं म्हणून गेलेलो आम्ही तिथे आठवडाभर राहिलो. तिथे जे पाहिलं ते सांगावंसं वाटतं म्हणून हा खटाटोप.

मी एका चित्रपट वितरण कंपनीत इंग्रजी पत्रव्यवहार पाहतो. हाँगकाँगहून एक पाहुणे आमच्या मालकांकडे आले होते. नाव ताम मान-लोक. त्यांच्यात आडनाव आधी लावतात, म्हणून आम्ही त्यांना ताम साहेब म्हणायचो. चाळिशी ओलांडलेले, काटकुळे, कान मोठे, आणि चेहरा असा की ते गंभीर झाले की समोरच्याला हसू यावं. हाँगकाँगला ते विनोदी नट आणि अलीकडे दिग्दर्शकही होते. आपल्याकडे हिंदीच्या शेजारी मराठी चित्रपट जसा राहतो, तसा तिकडे मँडरिनच्या शेजारी कँटनी बोलीतला चित्रपट राहतो: घरचा, गरीब, आणि आपल्याच माणसांच्या जिवावर उभा.

माझगावच्या चिनी मंडळींसाठी त्यांनी एका रविवारी सकाळी आपला चित्रपट दाखवला. खेळ संपल्यावर एक म्हातारा चिनी सुतार त्यांच्यापाशी आला आणि त्यांच्या कानांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "असेच कान असलेला एक माणूस मला ठाऊक आहे. लढाईच्या दिवसांत देहूरोडच्या लष्करी डेपोत आम्ही दोघं लाकडी खोकी बनवायचो. त्याचं नाव ताम मान-सिंग."

मान-सिंग हा ताम साहेबांचा थोरला भाऊ. लढाईच्या आधी जहाजावर सुतार म्हणून गेला तो परत आला नव्हता. घरच्यांनी तो समुद्रात गेला असंच धरलं होतं. म्हाताऱ्या सुताराने गाव सांगितलं, निघोजे. आणि हेही सांगितलं की मान-सिंगच्या बायकोचा मुलगा दत्तू पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात कामाला आहे. मालकांनी दत्तूला कार्ड टाकलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "परुळेकर, तुम्हाला इंग्रजी येतं, मराठी येतं. तुम्हीच जा."

चिंचवड आणि पिंपरी

गाडी खंडाळ्याच्या बोगद्यांतून बाहेर पडल्यावर ताम साहेबांनी बोलायला सुरुवात केली. त्यांचं इंग्रजी मोडकं होतं, पण अडलं की हातवारे करत, आणि त्या हातवाऱ्यांत सगळं कळत असे. त्यांचे वडील गावोगावच्या जत्रांत बांबूचे नाट्यमांडव उभारायचे. थोरला मान-सिंग वडिलांच्या हाताखाली सुतारकाम शिकला. धाकटा मात्र मांडव उभा राहिला की नटांच्या मागे लागायचा. अखेर एका नाटक मंडळीने त्याला ठेवून घेतलं. त्यांच्या नाटकांतला विदूषक नाकावर पांढरा ठिपका काढतो. तो ठिपका त्यांना पहिल्यांदा लागला तेव्हा ते अकरा-बारा वर्षांचे होते.

"वडील काय म्हणाले?" मी विचारलं.

"वडील काही म्हणाले नाहीत. दादाने मारलं," ते म्हणाले. "मग दुसऱ्या दिवशी खेळाला पहिल्या रांगेत येऊन बसला."

चिंचवड स्टेशनवर दत्तू उभा होता. पंचविशीचा, खाकी विजार, वर मात्र पांढरी टोपी. पहिल्या पाळीहून सुटून थेट आला होता. त्याने ताम साहेबांच्या कानांकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा जरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, भाऊच हायत ह्ये. शंका न्हाई. पर खरं सांगा, तात्यांना न्यायला आल्यात का?"

"ते मला ठाऊक नाही," मी म्हणालो, आणि ते खरं होतं.

"मी घरी काय बोललो न्हाई अजून. आई इचारंल कार्ड कुठलं, म्हणून खिशातच ठिवलं."

दत्तूचे वडील तो लहान असतानाच वारले होते. त्याला आठवतात ते तात्याच, म्हणजे मान-सिंग. बैलगाडी यायला वेळ होता, म्हणून त्याने आम्हाला पिंपरीला नेऊन आपला कारखाना बाहेरून दाखवला. मोकळ्या माळावर पांढऱ्या भिंती, उंच चिमणी, आणि सभोवती ज्वारीची शेतं. कालपर्यंत आपल्या शेतात मोट हाकणारी माणसं भोंगा झाला की डबा घेऊन आत जाताना पाहून मला मौज वाटली. दत्तू म्हणाला, "साहेब, आता आमच्याकडं सूर्य न्हाई, भोंगा उगवतो."

कारखान्यापासून जवळच निर्वासितांची वसाहत आहे. बराकींच्या रांगा, दोरीवर वाळत घातलेले कपडे, दारात शिवणयंत्रं. ताम साहेब तिथे पुष्कळ वेळ थांबले. एका सिंधी गृहस्थांनी आम्हाला दुकानात बोलावलं, आधी पापड दिला, मग पाणी. पाहुण्याला आधी पापड ही त्यांची रीत. आमच्याकडे गूळ-पाणी देतात, ताम साहेबांकडे नुसता चहा. ताम साहेबांनी पापड अख्खाच तोंडात धरला, तो दोन्ही बाजूंनी कानांपर्यंत पोचला, आणि दुकानातल्या बायका पदराआड हसू लागल्या. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "हाँगकाँगच्या डोंगरावर अशीच वस्ती आहे. माझे प्रेक्षक तिथेच राहतात. त्यांना रडवणारे पुष्कळ आहेत."

इंद्रायणी

चिंचवडहून गाडी तळवड्याच्या वाटेला लागली. घाटावरचा माळ मी पहिल्यांदाच असा सावकाश पाहत होतो. आमच्या कोकणात दहा पावलांवर वळण आणि वळणावर माड. इथे नजर जाईल तिथपर्यंत जमीन, आणि तिच्या टोकाला निळसर डोंगर. थंडी बोचरी. दत्तूने आम्हाला दोन घोंगड्या दिल्या, त्यांना बकरीचा वास होता. ताम साहेबांनी घोंगडी डोक्यावरून घेतली तेव्हा वाटेने येणाऱ्या एका म्हातारीने त्यांना धनगर समजून मेंढरांची चौकशी केली. त्यांनी अतिशय गंभीरपणे मान हलवली.

वाटेत ते आपल्या धंद्याबद्दल बोलले. लढाईत नाटक मंडळी मोडली. त्यानंतर ते चित्रपटात शिरले ते पडण्याच्या कामावर. कुणी जिन्यावरून पडायचं असलं, खिडकीतून पडायचं असलं, की त्यांना बोलवत. पुढे एका लठ्ठ नटाबरोबर त्यांची जोडी जमली आणि नाव झालं. चित्रपट आठवड्यात पुरा व्हायचा. सकाळी एकात नोकर, दुपारी दुसऱ्यात जावई, संध्याकाळी तिसऱ्यात भूत. कपडे बदलायला वेळ नसला की भूतही जावयाच्या कोटात.

"आणि दिग्दर्शक कसे झालात?"

"गुडघा गेला," ते म्हणाले. "पडता येईना, तेव्हा दुसऱ्यांना पडायला सांगू लागलो. पण निर्माते म्हणतात, तुम्ही पडलात तरच लोक येतात. म्हणून दिग्दर्शनही करतो, आणि पडतोही."

तळवड्याच्या पुढे नदी. पाणी गुडघाभर, तळ दिसेल इतकं नितळ. गाडी रिकामी करून पार न्यायची म्हणून आम्ही चालत निघालो. ताम साहेबांनी आपल्याबरोबर एक चपटा पत्र्याचा डबा आणला होता. त्यात त्यांच्या चित्रपटाची लहान प्रत होती. मलायातल्या रबराच्या मळ्यांत दाखवायला काढलेली. तो डबा मी डोक्यावर घेतला. मधोमध शेवाळावरून माझा पाय सरकला आणि मी बसकण मारली. डबा दत्तूने वरच्या वर झेलला. काठावर धुणं धुणाऱ्या बायका हसल्या. ताम साहेब पाण्यातच थांबून माझ्याकडे निरखून पाहत राहिले. मग म्हणाले, "हात आधी टेकू नका, मनगट जातं. बाकी चांगलं होतं."

निघोजे

गावाच्या अलीकडेच बाभळीखाली एक पत्र्याची पडवी होती. तिथून रंध्याचा आवाज येत होता आणि त्याच लयीत कुणी काहीतरी गात होतं. दत्तू म्हणाला, "तात्या हायत. गावाला वाटतं त्येंच्या मुलखातला अभंग हाय."

ताम साहेब जागीच उभे राहिले. ते नाटकातलं गाणं होतं, राजाच्या दरबारात उशिरा पोचलेल्या शिपायाचं. त्यांच्या वडिलांच्या मांडवात ते दर जत्रेला व्हायचं.

पडवीत बैलगाडीचं चाक आडवं पडलं होतं आणि धोतर-बंडीतला एक माणूस त्याच्या आऱ्यावर वाकला होता. कान मी लांबूनच ओळखले. त्याने वर पाहिलं. रंधा हातात तसाच राहिला. धाकट्याने डोक्यावरची हॅट काढली. इतकी वर्षं लोकांना हसवणाऱ्या या माणसाला आता हातांचं काय करावं ते कळेना.

"मान-लोक?" थोरला म्हणाला. आणि मग म्हणाला, "कवा आलास?"

ताम साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतो तो?"

"केव्हा आलास, असं विचारतात," मी इंग्रजीत सांगितलं.

मान-सिंगच्या तेव्हा लक्षात आलं की आपण मराठीत बोललो. त्याने कँटनीत काही म्हणायचा प्रयत्न केला. दोन शब्द आले, तिसरा येईना. देहूरोडचा डेपो सुटल्यापासून त्याला ती भाषा बोलायला माणूस मिळालं नव्हतं. गाण्याचे शब्द गळ्यात राहिले होते, बोलायचे मात्र गेले होते. तो अडला की मराठीत सांगे, मी इंग्रजीत करी, ताम साहेब कँटनीत म्हणून दाखवत, आणि मान-सिंग मान हलवून तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणे. दोन सख्ख्या भावांमध्ये वेंगुर्ल्याचा एक कारकून दुभाषा म्हणून बसला होता.

गावात ते मानसिंग सुतार. पहिल्यांदा नाव सांगितलं तेव्हा लोकांना ते रजपूत वाटले होते. पुढे खरं कळलं तरी नाव तेच राहिलं. देहूरोडला असताना निघोज्याच्या पाटलांच्या गाड्या दुरुस्त करायला यायचे. सगुणाबाई तेव्हा विधवा होत्या, पदरी दत्तू. त्यांच्या भावकीत पाट लावायची, म्हणजे विधवेने पुन्हा लग्न करायची, चाल आहेच; दोघांनी पाट लावला. चार महिने कुरकुर झाली, मग नांगर मोडला की त्यांच्याकडेच जायचं असल्याने ती थांबली.

सगुणाबाई उंच, खणखणीत आवाजाच्या. धाकटा दीर आला म्हटल्यावर त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं, ओवाळलं, आणि मला म्हणाल्या, "भावजींना सांगा, जेवताना लाजायचं न्हाई. लई वाळल्यात."

जेवायला बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, कच्चा कांदा आणि ठेचा. ताम साहेबांनी ठेचा चटणीसारखा बोटाने चाखायच्या ऐवजी भाजीसारखा घेतला. मग जे झालं ते त्यांच्या कुठल्याही चित्रपटात शोभलं असतं, फक्त ते खरं होतं. सगुणाबाईंनी घाईने गुळाचा खडा त्यांच्या तोंडात कोंबला. दुसऱ्या दिवसापासून आम्हा दोघा भातखाऊंसाठी त्यांनी मावळातला आंबेमोहोर रांधला. त्या वासानेच आम्हाला आपापलं घर आठवलं.

शेतावर

निघोज्यातले पुढचे दिवस हुरड्याचे. शेतात आगटी पेटवायची, कोवळी कणसं भाजायची, हातावर चोळायची आणि गरम दाणे तोंडात टाकायचे. आमच्या कोकणात असं शेतातच बसून पीक खाण्याचं सुख नाही. भात काही आगीत भाजून खाता येत नाही. गावची माणसं जमत. ताम साहेब कणसं चोळता चोळता एखाद्याची नक्कल करत: चालताना पोट पुढे काढणारे पाटील, नाकात तपकीर ओढून शिंकेची वाट पाहणारे गुरव. ज्याची नक्कल व्हायची तोच सगळ्यात मोठ्याने हसायचा.

मान-सिंग मात्र हसत नसत. पहिल्या संध्याकाळीच त्यांनी विचारलं होतं, "आई?"

"आहे," धाकट्याने सांगितलं. "हाँगकाँगला माझ्याकडेच असते. डोळे अधू झालेत. नवं वर्ष आलं की तुझं ताट वाढते."

त्यानंतर मान-सिंग उठून पडवीत गेले होते आणि अंधार पडेतो रंधा मारत बसले होते.

तिसऱ्या दिवशी शेतात ताम साहेबांनी विषय काढला. मी मधे बसलो होतो, त्यामुळे मला सगळं आधी ऐकावं लागलं आणि मग सांगावं लागलं.

"चल माझ्याबरोबर. तिला भेट. पाहिजे तर राहा. माझ्या चित्रपटांना सुतार लागतो, घरं उभी करायला. दोघं मिळून काम करू."

मान-सिंग कणसाचे दाणे एकेक करून सोलत राहिले. "मी तिला न सांगता गेलो," ते म्हणाले. "म्हनलं व्हतं, लाकूड आणाया चाललो. बंदरात जहाज व्हतं, चढलो. वरीसभरात येऊ असं वाटलं. मग लढाई झाली. मग हिकडं घर झालं. आता काय तोंड घिऊन जाऊ? तिच्या लेखी मी बुडालो. बुडालेलाच बरा."

मी इंग्रजीत सांगितलं. ताम साहेबांनी ते ऐकलं आणि काठीने आगटी जरा हलवली.

परतताना दत्तू माझ्या शेजारून चालत होता. त्याला सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तो म्हणाला, "साहेब, ह्ये बी बरं न्हाई वाटत. म्हातारी ताट वाढती म्हणं."

चाकणचा बाजार

शनिवारी चाकणचा बाजार. तिथे कांद्याचे ढीग पाहून ताम साहेब चक्रावले. त्यांना तो एखाद्या चित्रपटासाठी रचलेला देखावा वाटला. वास तर वेशीपासूनच डोळ्यांत येतो. मान-सिंगांनी विकायला आणलेले दोन पाट आणि एक पाळणा गेला. किल्ल्याच्या पडक्या बुरुजापाशी सरकारची एक गाडी उभी होती. भातशेतीची नवी पद्धत दाखवणारे माहितीपट घेऊन ती गावोगाव फिरते. तिच्यावर कदम नावाचे ऑपरेटर होते, साताऱ्याकडचे, अंगात स्वेटर आणि गळ्यात मफलर.

ताम साहेबांनी गाडीतला प्रोजेक्टर पाहिला आणि माझा दंड धरला. "लहान फिल्मचाच आहे. विचारा, आमची एक रीळ लावतील का? निघोज्यात."

कदम म्हणाले, "साहेब, सरकारी यंत्रावर परदेशी सिनेमा? माझी नोकरी जाईल."

ताम साहेबांना मी ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "यांची भातशेती बघून लोक कधी हसतात का?"

"लोक निम्म्यातून उठून जातात," कदम म्हणाले, आणि हे बोलताना त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. शेवटी दत्तूने तोड काढली: आधी भातशेती पूर्ण दाखवायची, गाव शेवटपर्यंत बसवायची जबाबदारी त्याची, मग पाहुण्याची एक रीळ, घरगुती म्हणून. कदमांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला आणि म्हणाले, "निघोज्याचा रस्ता गाडीला झेपंल ना?"

पडदा

त्याच दिवशी दिवेलागणीला निघोज्यात मारुतीच्या देवळासमोर पडदा लागला. गाव झाडून आलं होतं. बायका उजवीकडे, पुरुष डावीकडे, म्हातारी माणसं देवळाच्या पायरीवर. भातशेती सगळ्यांनी मन लावून पाहिली. एकाने तर कदमांना रोपांच्या अंतराबद्दल दोन प्रश्न विचारले आणि कदमांचा चेहरा उजळला.

मग ताम साहेबांची रीळ लागली. पडद्यावर हाँगकाँगचा गजबजलेला जिना-रस्ता, आणि त्यावरून उतरणारे ताम साहेब, डोक्यावर पुस्तकांची चळत. एका केळ्याच्या सालीची सगळ्यांना भीती वाटत होती. ते तिच्यावरून सुखरूप गेले आणि पुढे कोरड्या पायरीवर घसरले. पुरुष खो खो हसले. बायकांच्या बाजूने मात्र कुणीतरी कळवळून म्हणालं, "आगं बाय, लागलं असंल." मी ते शेजारी बसलेल्या ताम साहेबांना सांगितलं. ते अंधारात म्हणाले, "लागलं होतं."

पडद्यावरचे ताम साहेब घरंगळत गेले ते एका भाजीवालीच्या बाकावर. बाक मोडलं, मुळे आणि पालेभाजी रस्ताभर. भाजीवाली उठली. लहानखुरी, पाठीत वाकलेली म्हातारी. तिने त्यांचा कान धरून त्यांना उभं केलं, अंगावरची धूळ झटकली आणि बडबड सुरू केली.

माझ्या पलीकडे मान-सिंग बसले होते. ते उभे राहिले.

मागच्यांनी "खाली बसा तात्या" म्हटलं, पण ते बसले नाहीत. पडद्यावरची म्हातारी बोलतच होती, मोडक्या बाकाकडे बोट दाखवत. कुणीतरी विचारलं, "मानसिंगराव, काय म्हनती वो ती?"

त्यांनी भाषांतर केलं. त्यांना मी लागलो नाही, ताम साहेब लागले नाहीत, एकही शब्द अडला नाही.

"म्हनती, बाक मोडलंस तर मोडूं दे," ते म्हणाले. "म्हनती, माजा थोरला सुतार हाय. लाकूड आणाया गेलाय. आला म्हंजी नीट करंल."

मग त्यांनी तसंच, आवाज न बदलता, गावाला सांगितलं, "ही माजी आई हाय."

यंत्राची खरखर तेवढी ऐकू येत होती. मी बायकांच्या बाजूला पाहिलं. सगुणाबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला होता. मग त्या जागच्या उठल्या, पडद्यापाशी गेल्या, वाकल्या आणि पडद्याखालच्या मातीला हात लावून तो कपाळाला लावला. त्या उभ्या राहिल्या तेव्हा म्हातारीचं चित्र त्यांच्या लुगड्यावर पडलं होतं.

रीळ संपली. कदमांना कुणी काही सांगितलं नाही. त्यांनी ती आपणहून उलटी गुंडाळली आणि पुन्हा लावली.

नंतर घरी ताम साहेबांनी सांगितलं की म्हातारीला कामाला घ्यायचं त्यांच्या मनात नव्हतं. ठरलेली नटी आली नाही, आई माझा जेवणाचा डबा घेऊन आली होती, तिला बसवलं. तिला म्हणायला एकच वाक्य दिलं होतं: बाकाचे पैसे दे. ते ती विसरली आणि मनातलं बोलली. "निर्माते म्हणाले, हे काढा, यात हसण्यासारखं काही नाही. दिग्दर्शक झाल्यापासून मी कुणाशी भांडलो असेन तर तेवढ्या एका वाक्यासाठी. या रिळेसाठीच मी डबा निघोज्याला आणला. पण शेतात मला ते तोंडाने सांगता येईना."

मान-सिंग भिंतीला टेकून बसले होते. ते काही बोलायच्या आत सगुणाबाई बोलल्या. "काय तोंड घिऊन जाऊ म्हनत हुता न्हवं? हाय त्येच घिऊन जावा. तिला कुटं दिसतंय नीट. नुसता हात द्या तिच्या हातात." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भावजींना सांगा, नेताय तसं आणून बी सोडायचं. ह्यो गडी हितला हाय."

मी सांगितलं. ताम साहेबांनी उठून, त्यांच्याकडे मोठ्यांना करतात तसा, दोन्ही हात जुळवून वहिनीला कमरेतून वाकून नमस्कार केला. दत्तू बाहेर ओट्यावर जाऊन बसला. थोड्या वेळाने मान-सिंग त्याच्याशेजारी जाऊन बसले. ते काय बोलले ते मी ऐकलं नाही. मध्ये दुभाषा लागत नव्हता.

धक्का

कागदपत्रांच्या खटपटी आमच्या ऑफिसने केल्या आणि माघात दोघे भाऊ बोटीने गेले. पुढची हकीकत मला कंपनीकडे येणाऱ्या ताम साहेबांच्या निरोपांतून कळत राहिली. म्हातारीला निघोज्याला आणायचं दोघांनी ठरवलं होतं, पण तिने साफ नकार दिला. धाकट्याने तिला पुढच्या चित्रपटातही घेतलं होतं आणि तिथे तिला सबंध दोन प्रसंग भांडायला मिळणार होते. त्या चित्रपटातले सगळे जिने, दारं आणि बाकं मान-सिंगांनी बनवली. ताम साहेब त्यात एकदाही पडले नाहीत. निर्माते घाबरले होते. पण म्हातारी पडद्यावर आली की लोक त्यांचं पडणं विसरत, आणि चित्रपट चालला.

ज्येष्ठात बोट परत आली तेव्हा मी धक्क्यावर होतो. दत्तू रजा टाकून आला होता आणि सगुणाबाई पहिल्यांदाच मुंबईला आल्या होत्या. समुद्राकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि मग पाठ करून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "येवढं पानी आन् शेताच्या काय कामाचं."

मान-सिंग उतरले. अंगावर नवा कोट, खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात वळकटी. दत्तूने पिशवी घेतली. सगुणाबाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि सासूबद्दल विचारलं, "आत्याबाई काय म्हनल्या?"

"पयले चार दिस बोललीच न्हाई," ते म्हणाले. "नुसता माजा हात धरून बसायची. मग तुज्याबद्दल इचारलं. सून कशी हाय म्हनली. मी म्हनलं, दिवसभर बोलती, कदी मला, कदी बैलाला. जेवायला उशीर केला तर बांधावर यिऊन वरडती."

"असं सांगितलं व्हय आईला?"

"सांगितलं."

"मंग काय म्हनल्या?"

मान-सिंगांनी कोटाची बाही नीट केली. "म्हनली, मंग तू येकटा न्हवतास."

सगुणाबाईंनी त्यांच्या हातातली वळकटी काढून स्वतःच्या डोक्यावर घेतली, आणि गाडी कुठून सुटते ते मला विचारून पुढे चालू लागल्या.